इस्पितळावर नजर कोणाची?

‘इस्पितळ’ हा शब्द आमच्या गोमंतकात घरोघर रुळलेला आहे. पोर्तुगीज ‘ओश्पिताल’शी त्याचे नाते उघड दिसते, आणि शब्दाप्रमाणे ती संस्थाही येथे त्यांच्याच राजवटीत रुजली. इ. स. १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवे शहर जिंकले, आणि त्यानंतर तेथे राजाच्या खर्चाने चालणारे एक इस्पितळ उभे राहिले. १५९१ साली त्याचा कारभार जेझुइट पाद्र्यांच्या हाती सोपविण्यात आला. पुढे १६०८ साली पिरार द लाव्हाल नावाचा एक फ्रेंच प्रवासी आजारी स्थितीत तेथे दाखल झाला आणि बरा होऊन बाहेर पडला. त्याने या इस्पितळाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. स्वच्छ बिछाने, वेळच्या वेळी वैद्यांची फेरी, आणि रुग्णांना चक्क चांदीच्या ताटवाट्यांतून जेवण! जगात याहून चांगले इस्पितळ क्वचितच असेल, असे त्याचे मत झाले.

याच इस्पितळाविषयी चाळीस वर्षांच्या आतबाहेर दुसरा एक फ्रेंच मनुष्य काय लिहितो ते पाहावे. ताव्हेर्निये हा जवाहिऱ्या १६४१ व १६४८ साली गोव्यात येऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे की, या इस्पितळाचा एके काळी मोठा लौकिक होता. परंतु व्यवस्था पाहणारे बदलले आणि रुग्णांचे हाल सुरू झाले. आत गेलेले पुष्कळ युरोपीय बाहेर पडत ते थेट कबरीकडे. तापाने तडफडणारा रुग्ण पाण्यासाठी टाहो फोडी, आणि नोकर हातावर पैसे ठेवल्याशिवाय पाण्याचा थेंब देत नसत. तेही चोरून देत, आणि वर सांगत की वैद्याने पाणी मना केले आहे! म्हणजे वैद्याच्या नावावर पाण्याची किंमत वाढवावयाची, असा तो व्यापार.

दोन्ही प्रवाशांनी थोडीबहुत अतिशयोक्ती केली असेल, हे आम्हांस मान्य आहे. शिवाय हे इस्पितळ पोर्तुगीज व अन्य युरोपीय पुरुषांसाठी होते, एतद्देशीयांस तेथे थारा नव्हता, हेही विसरता येत नाही. तरी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. इस्पितळ तेच आणि ज्याच्या नावाने ते चाले तो राजाही पूर्वीसारखाच दूर युरोपात. मग बिघडले काय? ताव्हेर्नियेच्या मते सांभाळणारे हात बदलले. आणि आम्ही त्यात एवढीच भर घालू की, त्या हातांकडे पाहणारा डोळा जागेवर नव्हता. सार्वजनिक आरोग्यसेवेचा प्रश्न आजही घोटाळतो तो याच दोन गोष्टींभोवती: रुग्णाजवळ माणसे पुरेशी आहेत काय, आणि ती आहेत की नाहीत हे कोण पाहतो?

आमच्या राज्यघटनेने ‘सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये’ हा विषय राज्यांच्या सूचीत घातला आहे. सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे एक प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. म्हणजे आपल्या गावच्या आरोग्यकेंद्रात डॉक्टर आहे की नाही, याचे उत्तर प्रथम राज्य सरकारने द्यावयाचे. या केंद्रांची कल्पना मात्र स्वातंत्र्यापूर्वीची आहे. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. हे भोर मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, असे प्रमाण होते. समितीने सुचविले की, निदान आरंभी दर ४०,००० वस्तीला एक प्राथमिक केंद्र असावे आणि त्यात दोन डॉक्टर, परिचारिका, सुइणी, औषध देणारा, स्वच्छता निरीक्षक आणि पंधरा चतुर्थश्रेणी सेवक असावेत. या पंधरांची गणना केल्याबद्दल आम्हांस समितीचे विशेष कौतुक वाटते. मोठमोठ्या योजना आखणारांस झाडूवाला व पाणक्या सहसा आठवत नाहीत. १९५२ सालापासून सामुदायिक विकास योजनेबरोबर अशी केंद्रे उघडू लागली. आजचे सर्वमान्य प्रमाण सपाटीवर ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० वस्तीला एक केंद्र, असे आहे.

परंतु केंद्र उघडणे वेगळे आणि ते माणसांनी भरणे वेगळे. सरकारी कागदात तीन संख्या असतात: मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे. आमच्या विद्यार्थ्यांनी चौथी एक संख्या मनाशी धरावी: आज या घटकेस प्रत्यक्ष हजर असलेली माणसे. भरलेल्या पदावरील मनुष्य प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे गेलेला असतो, प्रशिक्षणास गेलेला असतो, किंवा प्रसूतीच्या रजेवर असतो. त्याचे पद भरलेलेच दिसते. खाटेवरच्या रुग्णाला मात्र तो दिसत नाही.

पद रिक्त का राहते, हेही समजून घेतले पाहिजे. नाहीतर सगळा दोष एखाद्या आळशी कारकुनाच्या माथी मारून आपण मोकळे होतो. नवे पद हवे असेल तर आरोग्य खात्याने प्रस्ताव करावयाचा, वित्त खात्याने त्यास संमती द्यावयाची. मग जाहिरात, अर्ज, परीक्षा, मुलाखती, कागदपत्रांची तपासणी, वैद्यकीय तपासणी. डॉक्टरांची निवड बहुधा लोकसेवा आयोगाकडून, इतरांची अन्य मंडळांकडून. एवढे होईपर्यंत निवडलेल्यांपैकी काहींनी दुसरीकडे नोकरी धरलेली असते. वास्तविक, निवृत्तीचा दिवस हा मनुष्य नोकरीस लागतो त्याच दिवशी ठाऊक असतो. तरीही ती जागा भरण्याची हालचाल अनेकदा निरोपसमारंभाचे हार सुकल्यानंतर सुरू होते. मध्यंतरी कंत्राटी नेमणुकांनी वेळ निभावली जाते. कंत्राटी परिचारिका काम तेच करते. परंतु पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे तिला ठाऊक नसते, आणि तक्रार करण्यापूर्वी ती दहा वेळा विचार करते.

माणसे किती लागतात, याचा हिशेब आमच्या आठवीच्या मुलांसही करता येईल. एखाद्या दालनात परिचारिकेची एक खुर्ची आहे असे समजा, आणि ती चोवीस तास रिकामी राहू द्यावयाची नाही. दिवसाच्या तीन पाळ्या, वर्षाचे ३६५ दिवस. म्हणजे वर्षाच्या १,०९५ पाळ्या. आता एक परिचारिका वर्षातून किती दिवस कामावर येईल? आठवड्याच्या सुटीचे ५२ दिवस वजा करा. हक्काची रजा, किरकोळ रजा, आजारपण व सणवार मिळून आणखी सुमारे ५३ दिवस धरा. उरले २६०. १,०९५ ला २६० ने भागले की उत्तर येते चारांहून थोडे अधिक. एक खुर्ची भरलेली ठेवावयास चार माणसे पुरत नाहीत!

आता तीस खाटांचे दालन घ्या. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा करून प्रत्येक पाळीत परिचारिकेमागे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत हे ठरविण्याचा पायंडा पाडला. २००५ सालापासून तेथे सर्वसाधारण दालनात ही मर्यादा पाच रुग्णांची आहे. त्या मापाने तीस रुग्णांना प्रत्येक पाळीत सहा, म्हणजे एकूण पंचवीस परिचारिका लागतील. पैकी दहा पदे रिक्त आहेत असे धरा. उरलेल्या पंधराजणींच्या मिळून दिवसाला साधारण अकरा पाळ्या होतात. सकाळी डॉक्टरांची फेरी असते, म्हणून पाचजणी तेव्हा लागतात, दुपारी चार, रात्रीस उरल्या दोन. दोघी आणि तीस रुग्ण. दोन खाटांवरच्यांना एकदमच धाप लागली, तर बाकीच्या अठ्ठावीसजणांनी कोणाला हाक मारावी? रिक्त पदाची झळ कार्यालयीन वेळेत फारशी लागत नाही. ती रात्री दोन वाजता लागते, आणि तपासणीस येणारे अधिकारी बहुधा सकाळी अकरा वाजता येतात.

ही गोष्ट गरीब देशांतच घडते, असा कोणाचा समज असल्यास त्याने इंग्लंडातील स्टॅफर्ड शहराकडे पाहावे. तेथील इस्पितळाच्या चालकांनी २००६-०७ मध्ये सुमारे एक कोटी पौंड वाचविण्याचा संकल्प सोडला व दीडशेहून अधिक पदे कमी केली. तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांची पहिली पारख वैद्यकीय शिक्षण नसलेले स्वागत-कारकून करू लागले. तहानलेल्या रुग्णांनी फुलदाणीतले पाणी प्याल्याच्या हकीकती नातलगांनी सांगितल्या. गोव्याच्या त्या जुन्या इस्पितळाची येथे कोणाला आठवण होणार नाही? विशेष असे की, मृत्यूंचे प्रमाण वाढलेले दिसताच चालकांनी आकडे नोंदविण्याच्या पद्धतीत चूक असल्याचे सांगितले. आणि २००८ च्या फेब्रुवारीत त्याच संस्थेस अधिक स्वायत्ततेचा मानाचा दर्जा बहाल करण्यात आला. देखरेख करणाऱ्या संस्था एक नव्हे, अनेक होत्या. प्रत्येकीस वाटे की दुसरी पाहत आहे. त्या कागद तपाशीत होत्या, आणि कागद नीटनेटके होते. इस्पितळात आई गमावलेल्या एका मुलीने २००७ साली इतर नातलगांना जमवून आवाज उठविला, तेव्हा कोठे चक्रे जोराने फिरली. २०१३ साली रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल बाहेर आला. त्यात २९० शिफारशी आहेत.

आमच्याकडे देखरेखीचे मार्ग कमी आहेत, असे म्हणता येत नाही. आरोग्य संचालनालयाची खात्यातील तपासणी असते. विधानसभेत आमदार प्रश्न विचारतात आणि मंत्र्यास रिक्त पदांचा आकडा सभागृहापुढे ठेवावा लागतो. नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात; त्यांचा अहवाल विधिमंडळापुढे येतो व लोकलेखा समिती त्यावर अधिकाऱ्यांची साक्ष घेते. यंत्र विकत घेतले परंतु ते चालविणारा तंत्रज्ञ नसल्यामुळे ते पडून आहे, असा शेरा या अहवालांत पुनःपुन्हा आढळतो. लेखापरीक्षण नि:पक्षपाती असते, पण ते येते वर्षादोनवर्षांनी. तोवर त्या यंत्रावाचून राहिलेला रुग्ण बरा झालेला असतो किंवा गेलेला असतो.

न्यायालयाचा मार्ग त्याहून जलद ठरू शकतो. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर आगगाडीतून पडून डोक्यास गंभीर जखमी झाला. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी त्यास, खाट नाही वा सोय नाही म्हणून, परत पाठविले. शेवटी खाजगी इस्पितळात त्याच्यावर उपचार झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला की, वेळेवर उपचार न देणे हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचा भंग आहे, आणि पैशाची टंचाई ही सबब राज्याला पुढे करता येणार नाही. त्या मजुरास २५,००० रुपये भरपाई देवविण्यात आली.

आणि २०२१ चा मे महिना तर गोमंतकीयांस विसरता येणारच नाही. कोविडच्या त्या दुसऱ्या लाटेत बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहाटेच्या प्रहरी रुग्ण दगावू लागले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने प्रकरण हाती घेतले. सुनावणीत जी एक अडचण पुढे आली ती अगदी साधी होती: प्राणवायूच्या नळकांड्यांच्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून आणणे, त्या जागी लावणे आणि मुख्य नळीस जोडणे, यात खंड पडून दाब उतरत असे. म्हणजे प्राणवायू किती आहे याइतकेच, तो रात्री वेळेवर जोडणारे हात किती आहेत, यालाही महत्त्व होते. न्यायालयाने प्राणवायूअभावी मृत्यू होऊ नयेत असे सरकारला बजावले, आणि पुढे २०,००० लिटरची द्रवरूप प्राणवायूची टाकी तेथे बसविण्यात आली. ट्रॅक्टर चालविणारा व नळकांडे फिरविणारा कामगार कोणाच्या आराखड्यात कितपत ठळक असतो? भोर समितीच्या त्या पंधरा सेवकांची आम्हांस येथे पुन्हा आठवण होते.

राहिला नागरिकांचा स्वतःचा डोळा. २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमान्वये प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपल्या अधिकारी व कर्मचारी यांची सूची आपण होऊन प्रसिद्ध केली पाहिजे. बाकीची माहिती अर्ज करून मागता येते. उत्तर तीस दिवसांत, आणि कोणाच्या जीविताचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत मिळावयास हवे. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली रुग्ण कल्याण समित्यांचा प्रसार झाला व त्यांत लोकप्रतिनिधी व नागरिक यांनाही जागा मिळाली. आमच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींचे पालक पंचायतीवर असतील, तर त्यांना घरी एवढेच विचारावे की, आपल्या समितीची बैठक मागे कधी झाली. आणि कोणी अर्ज करणारच असेल, तर केवळ मंजूर व रिक्त पदांचा तक्ता मागू नये. गेल्या महिन्याच्या रात्रपाळीच्या ड्यूटी-पत्रकाची नक्कल मागावी. त्या पत्रकातील नावे मोजावीत, खाटांची संख्या शेजारी लिहावी, आणि वर दिलेला भागाकार करून पाहावा.