पोट्टेहो, मारा पायडल!

लायसन्स नसलेलं पोट्टं मोपेड घेऊन निघालं आणि चौकात पोलिसांनी धरलं, तर काय होतं? मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. सायकलला ना लायसन्स लागतं, ना पेट्रोल. तरी नववीत गेल्या गेल्या ट्यूशनसाठी गाडीचा हट्ट सुरू होतो आणि आपण तो पुरवतो. हे थांबायलाच हवं.

सायकलसाठी नागपूरसारखं शहर शोधून सापडायचं नाही. सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर बहुतेक सगळं सपाट! रमतगमत, ताशी 12 किलोमीटरने गेलं तरी पाव तासात 3 किलोमीटर होतात. धरमपेठेतून सीताबर्डी गाठायला एवढं पुरे. मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो, हे खरं. तेव्हा पहाटे फिरावं. बाकी वर्षभर ऊन ही सबब चालणार नाही.

धरमपेठेतलं ट्रॅफिक पार्क आपल्याला झोके आणि घसरगुंडीपुरतंच आठवतं. पण तिथले छोटे रस्ते, सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग मुलांना वाहतुकीचे नियम शिकवण्यासाठी आहेत. नेदरलँड्समध्ये दहा-बारा वर्षांची मुलं शाळेतूनच वाहतुकीची परीक्षा देतात आणि अनेक गावांत ती रस्त्यावर सायकल चालवूनही घेतली जाते. आपण ती घरीच घ्यावी. हात दाखवून वळता येतं का? मागे बघताना हँडल डगमगतं का? उभ्या कारचं दार अचानक उघडेल, हे ध्यानात येतं का? तिन्ही जमलं की पोर गल्लीबाहेर जायला तयार आहे.

लांब जायचंय? नागपूरच्या ‘माझी मेट्रो’ने सायकल डब्यात न्यायला परवानगी दिलेली आहे. ही सोय मुलांना सांगा. सीताबर्डी स्टेशनवर गाडी बदलून दुसऱ्या मार्गावर कसं जायचं, ते एकदा सोबत जाऊन दाखवा. पुढच्या वेळी तिकीट त्यांनाच काढू द्या.

मुलींच्या बाबतीत खेडी शहराच्या पुढे आहेत! मानव विकास योजनेत राज्यातल्या मागास तालुक्यांमध्ये शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकल आली की शाळेत सोडायला कुणी मोकळं आहे का, हे बघत बसावं लागत नाही. शहरातली मुलगी मात्र अजून ‘एकटी जाऊ नकोस’ हेच ऐकत मोठी होते. तिच्या भावाला जितकं अंतर मोकळं, तितकं तिलाही हवं.

आणि सायकल कुठवर नेते? वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटेंनी 1985 साली भारत जोडोची हाक दिली, तेव्हा तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवर निघाले. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. सुमारे 4,800 किलोमीटर, तेही 12 दिवसांच्या मुदतीत! पुढच्याच वर्षी रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे सुमारे 9,100 किलोमीटरही त्यांनी कापले. आपल्या पोरांना हे नाव माहीत असायला हवं.

जपानमध्ये पहिलीतली मुलंसुद्धा शेजारच्या मुलांबरोबर घोळक्याने चालत शाळेत जातात. तीच युक्ती इथेही चालेल. लेआउटमधली चार-पाच मुलं एकत्र करा. सुरुवातीला तुम्ही मागून सायकल चालवा, मग अर्ध्या वाटेवर थांबा, मग घरीच राहा. येत्या रविवारी चाकांत हवा भरा, ब्रेक तपासा, हेल्मेट द्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला पोरालाच पाठवा.