सहस्रपादाचे बारसे

मृगाचा पाऊस स्थिरावला की खानापूर तालुक्यातील रानवाटांवर, ओल्या पाचोळ्याखालून एक काळपट, नळीसारखा प्राणी संथपणे बाहेर पडतो. हात लावताच तो अंगाची गुंडाळी करून निपचित पडतो. कोणी त्यास ‘वाणी’ म्हणतात, कोणी ‘पैसा’. पुस्तकी मराठीत तो ‘सहस्रपाद’ होतो. निपाणीकडील मुलांना घेऊन आम्ही त्या रानात गेलो असता एका मुलाने त्याला चिरडण्यासाठी पाय उचलला. ‘गोम आहे, गुरुजी, चावंल!’ दुसऱ्याने विचारले, ‘ह्याला खरंच हजार पाय असतात का?’ आम्ही शब्दावर विसंबून ‘असतात’ असे सांगून मोकळे झालो. ते उत्तर चुकीचे होते. त्या चुकीची दुरुस्ती करावी म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम गोमेविषयी. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असते. ती शिकार करते व विषारी दंशही करते. सहस्रपादाच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन दोन जोड्या असतात. तो कुजका पाला खातो व त्याची माती होण्यास हातभार लावतो. तो दंश करीत नाही. मात्र डिवचल्यास कित्येक जाती उग्र वासाचा, त्वचेची आग करणारा द्रव सोडतात. तेव्हा त्याला हाताळू नये हे खरे, परंतु चिरडण्याचेही कारण नाही.

आता पायांचा हिशेब. अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिलाला बहुधा पायांच्या तीनच जोड्या असतात. पुढे कात टाकताना नवे खंड व नवे पाय वाढत जातात. तरी बहुतेक जातींचा आकडा काही शेकड्यांपलीकडे जात नाही. पुरुषसूक्तातील विराट पुरुषाला सहस्र पाय आहेत. ह्या बिचाऱ्याला ते केवळ नावापुरतेच होते. कॅलिफोर्नियातील एका जातीचे ७५० पाय हा दीर्घकाळ उच्चांक मानला जाई. अखेर २०२१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. खाणीच्या शोधासाठी पाडलेल्या विवरात, सुमारे ६० मीटर खोलीवर, हा फिकट, नेत्रहीन, सुतासारखा बारीक प्राणी सापडला. त्याच्या एका मादीचे पाय मोजले, ते १,३०६ भरले! ग्रीक पुराणातील पाताळाच्या राणीवरून त्यास ‘यूमिलिपीस पर्सेफोनी’ असे नाव मिळाले. ‘यूमिलिपीस’ म्हणजे खरा सहस्रपाद. शब्द आधी जन्मला आणि अर्थ मागाहून सापडला, असे भाषेच्या इतिहासात क्वचितच घडले असेल.

परंतु प्राणी सापडणे निराळे आणि त्याचे बारसे होणे निराळे. रंग व लांबी ह्यांवरून सहस्रपादाची जात सहसा ठरत नाही. बहुतेक गटांत प्रौढ नराच्या सातव्या खंडावरील पाय बदलून प्रजननाची इंद्रिये बनलेले असतात, व त्यांची घडण प्रत्येक जातीत वेगळी असते. कुलपास किल्ली ओळखावी तशी त्यांवरून जात ओळखतात. म्हणून केवळ मादी किंवा पिलू हाती आल्यास पुष्कळदा निर्णय अडतो. पुढे जुन्या वर्णनांशी व संग्रहालयांतील नमुन्यांशी ताडून पाहणे आलेच. आटेम्स ह्या व्हिएन्नाच्या संशोधकाने १९३६ साली भारतातील सहस्रपादांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तसली जुनी वर्णने आजही पाहावी लागतात. शेवटी एक नमुना ‘आदर्श’ म्हणून निवडून तो संग्रहालयात जपतात, आणि वर्णन प्रसिद्ध झाले म्हणजेच नाव कायम होते. पाठभेद जुळवून प्रत सिद्ध करणाऱ्या संपादकास ही रीत परकी वाटू नये.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत भारतातील सहस्रपादांच्या सुमारे २७० जाती नोंदल्या आहेत. सह्याद्रीचा विस्तार ध्यानी घेता ही यादी पूर्ण झाली असे कोण म्हणेल? आमच्याच परिसराचे दाखले पाहावेत. खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील वटवाघळाचे नामकरण १९१३ साली लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमस ह्यांनी केले व रॉटन ह्या वनाधिकाऱ्याचे नाव त्यास दिले. पुढे आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातील एका लहान माशाचे वर्णन २०२० साली झाले; त्याला मात्र नदीचेच नाव मिळाले. हीच हिरण्यकेशी पुढे बेळगाव जिल्ह्यात संकेश्वरावरून वाहते. वटवाघूळ आणि मासा ह्यांकडे निदान लक्ष तरी जाते. पाचोळ्यातल्या जीवाकडे कोण पाहणार?

सहस्रपाद फार दूर जाऊ शकत नाही. कित्येक जाती एखाद्या डोंगराच्या कुशीपुरत्याच असतात. पाचोळा जाळला, रान तोडले, तर तेवढीच जात नाव मिळण्यापूर्वीच नाहीशी होईल. आणि ‘वाणी’, ‘पैसा’ ही नावे मुलांच्या तोंडून गेली, तर ती हानी आमच्या भाषेची होईल.

त्या मुलाला आम्ही पुढच्या तासाला खरे उत्तर सांगितले. तो म्हणाला, ‘मग आमच्या रानातल्याचे पाय कुणी मोजलेत का?’ प्रश्न रास्त होता. पुढील पावसाळ्यात मुलांनी प्राण्यास न मारता त्याची आकृती काढावी, ठिकाण व तारीख लिहावी आणि घरच्या वडीलधाऱ्यांना त्याचे नाव विचारून तेही टिपावे, असे आम्ही योजिले आहे. शिक्षकबंधूंनी आपापल्या गावी हेच केले, तर शास्त्राची आणि भाषेचीही सेवा एकाच वहीत घडेल.