नातवाचं नाव

सकाळी 7, करंजे, सातारा

आबांच्या घरी वाचा-उपचारासाठी मी चहाच्या वेळेलाच जाते. कप, बशी, साखर, आलं हे शब्द तेव्हा समोरच असतात, आणि चित्रातल्या कपापेक्षा हातातला गरम कप शब्द लवकर बाहेर काढतो. चित्र दाखवून नाव विचारणाऱ्या बोस्टनच्या प्रसिद्ध चाचणीत इग्लू आणि प्रेत्झेलची चित्रं आहेत. ती घेऊन मी साताऱ्यात कुणापुढे बसू?

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि आबांची वाचा गेली. डॉक्टर याला ॲफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. आबा माळकरी. हरिपाठ आजही सुरात, न अडखळता म्हणतात. पाणी हवं असलं तर मात्र नुसतं बोट दाखवतात. "देवाचं येतंय, मग आमच्याशीच का बोलत न्हाईत?" वहिनी विचारतात, आणि या प्रश्नामागचं दुखणं मला ऐकू येतं. वर्षानुवर्षं घोटलेलं पाठांतर, पाढे, वार, शिव्यासुद्धा पुष्कळदा शाबूत राहतात. हवा तो शब्द हव्या त्या क्षणी निवडणं हे काम निराळं. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्याच्याकडे 'टॅन' एवढाच उच्चार उरला होता. संतापला की शिवी मात्र स्पष्ट यायची. आबा वहिनींवर रुसलेले नाहीत, हे मी प्रत्येक भेटीत पुन्हा सांगते.

आज नातवाचं नाव घ्यायचंय. आबांच्या झटक्यानंतर तो जन्मला. बाकीचे शब्द आबांच्या आत आहेत, तिथवर जायची वाट तेवढी अडली आहे. हे नाव आत कधी गेलेलंच नाही. म्हणून ते नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात आणि चुकलं हे कळून डोकं हलवतात.

नवा शब्द रुजायचा तर त्याचा आवाज काही सेकंद तरी मनात टिकावा लागतो. मेंदूला इजा झालेल्या एका इटालियन बाईंवरचा अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना ऐकलेले दोनच आकडे धरून ठेवता येत. आपल्या भाषेतल्या ओळखीच्या शब्दांच्या जोड्या त्या इतरांसारख्याच शिकल्या. अनोळखी रशियन शब्द मात्र कानाने ऐकून शिकता आले नाहीत. आबांचंही तसंच. माझ्यामागून 'ताट, वाटी' म्हणतात. त्यात 'तांब्या' घातला की ताट निसटतं.

मग मी नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिते, शेजारी बाळाचा फोटो. वाचायचं, बोट फिरवायचं, म्हणायचं. पाटी पालथी घालून पंधरा सेकंदांनी विचारायचं, मग तीस, मग एक मिनिट, दोन मिनिटं. अडलं की लगेच पाटी दाखवायची. चाचपडत चुकीचं नाव येऊ द्यायचं नाही, कारण चूकही पाठ होते. मधल्या वेळात बाळ रांगत येऊन खडू खायला बघतं.

दुपारी 12, मार्केट यार्ड, सांगली

हळदीच्या अडतीत काका गादीवर बसलेले असतात. यांचं बोलणं थांबलेलं नाही, उलट धो धो आहे. पण शब्द दुसरेच येतात. कार्ल वेर्निकेंनी 1874 मध्ये वर्णन केलेला वाचाघाताचा प्रकार. हळकुंड दाखवलं की काका म्हणतात, "गूळ." मी नाव विचारणं सोडते आणि भोवतीचं विचारत जाते. रंग कुठला? कुठल्या जमिनीत येते? शिजवतात की नाही? लग्नात कुणाला लावतात? चौथ्या-पाचव्या प्रश्नाला त्यांचा चेहरा बदलतो, ओठ 'ह'साठी उघडतात…

"हळद!" शेजारून मुलगाच सांगून टाकतो.

मायेपोटीच सांगतो तो. माणसाला अडकलेलं बघवत नाही. पण तो शब्द काकांनी स्वतः ओढून काढला असता तर उद्या जरा सोपा गेला असता. मी मुलाला मनात दहा आकडे मोजायला सांगते. पुढच्या शब्दाला तो खाली बघून मोजतो, आणि काका 'पोतं' आपल्या आपण म्हणतात.

वहिनींचा फोन येतो. आबांनी नावातली पहिली दोन अक्षरं म्हटली, तिसऱ्याला पाटी लागली.

दुपारी अडीच, मिरज

मावशी जतकडच्या. घरात कन्नड, बाजारात मराठी. घरचे म्हणतात, एकच भाषा धरा. मला ते पटत नाही. वाचाघातानंतर कुठली भाषा आधी परतते यावर जुन्या अभ्यासकांची मतं आहेत: रिबो म्हणाले सर्वांत आधी शिकलेली, पित्र म्हणाले सर्वांत सवयीची. मावशींचं या दोन्ही मतांत बसत नाही. त्या नातीशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत सुरू होतात. दोन्ही चालू देते. एका भाषेतला शब्द कधीकधी दुसरीतल्या शब्दाला सोबत घेऊन येतो.

संध्याकाळी 5, तासगावजवळ

फिनलंडच्या संशोधकांनी वाचाघात झालेल्यांना नवे शब्द शिकवून पाहिले, तेव्हा जुन्या काळची शेतीची अवजारं निवडली. आजच्या लोकांना त्यांची नावं ठाऊक नसतात म्हणून. काही रुग्ण ती नावं शिकले. एकाला ऐकून जमत नव्हतं, लिहिलेलं दाखवल्यावर जमलं. आबांची पाटी तिथूनच आली.

इथले तात्या मात्र मोट, नाडा, कुळव सगळं जाणून आहेत. उजवा हात लुळा, म्हणून डाव्या हाताने चित्र काढून मला दाखवतात. पण शिकायचे शब्द ते स्वतः निवडतात, आणि त्यांना कुळव नको आहे. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय. दुकानदाराला फोन करून औषध स्वतः मागवायचंय. औषधांची नावं दर हंगामाला नवी, लांबलचक, कुणाच्याच जिभेवर न बसणारी. तात्या रिकामी बाटली माझ्यापुढे ठेवतात आणि लेबलावर बोट टेकवतात. मी वहीत ते नाव चार तुकड्यांत तोडून लिहिते. पहिल्या तुकड्यापासून सुरुवात करतो.