दुबळ्या बालकाची वाटी

एखादे मूल फार रोडावले असेल तर त्याला पोटभर जेवू घालावे, असे कोणीही सांगेल. मग अंगणवाडीत रोज शिजलेला आहार मिळूनही काही मुलांचे वजन वाढत नाही, ते का? याचे एक कारण मुलाच्या लहानग्या जठरात आणि वाटीतल्या अन्नाच्या दाटपणात आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुका सातपुड्याच्या डोंगररांगांत पसरला असून त्याची उत्तर सीमा नर्मदेला भिडते. येथील गावे दूरदूरच्या पाड्यांत विखुरलेली आहेत. अंगणवाडी एका पाड्यावर, तर मुलाचे घर टेकडीपलीकडे, असे अनेकदा असते. त्यातच दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे ऊसतोडणीसाठी गुजरातेत जातात आणि मुलाचा चालू आहार मध्येच तुटतो. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांतून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची खरी कसोटी अशाच भागात लागते.

अतिकुपोषित मूल ओळखण्याचे एक साधन अगदी साधे आहे. सेविका मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर रंगीत पट्टी गुंडाळते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित समजतात. पायांवर अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर तीही धोक्याची खूण होय.

आता थोडे गणित करू. आठ किलो वजनाच्या मुलाच्या जठरात एका वेळी सुमारे 240 मिलिलिटर अन्न मावते. एक ग्रॅम पिठातून साधारण साडेतीन उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून नऊ. 200 मिलिलिटर पातळ पेजेत 15 ग्रॅम पीठ असेल, तर ती वाटी जेमतेम 50 उष्मांक देते. या मुलाची नुसती रोजची गरज 700 उष्मांकांच्या आसपास असते. म्हणजे चौदा वाट्या पेज! तेवढ्याच वाटीत 40 ग्रॅम पीठ आणि एक चमचा तेल घातले, तर 185 उष्मांक मिळतात. म्हणून दुबळ्या मुलाला एकदाच भरपूर वाढण्याऐवजी थोडे थोडे, दिवसातून पाचसहा वेळा आणि दाट अन्न द्यावे लागते.

पण येथे एक अडचण येते. पीठ वाढवले की पेज चिकट गोळ्यासारखी होते आणि अशक्त मुलाला ती गिळवत नाही. ही अडचण मोड आलेले धान्य सोडवते. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते, ती लाळेतल्या अशाच विकरामुळे. ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते, म्हणून घट्ट पेज पाहता पाहता पातळ होते. पीठ मात्र तेवढेच राहते. 1980 च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालआहारासाठी या गुणाचा अभ्यास केला.

तुम्ही हा प्रयोग वर्गात करून पाहा. गव्हाला किंवा नागलीला मोड आणून, वाळवून पीठ करा. गव्हाची घट्ट पेज शिजवून दोन भांड्यांत घ्या. ती सोसवेल इतकी निवली की एका भांड्यात चमचाभर मोडाचे पीठ ढवळा आणि दहा मिनिटांनी दोन्ही पेजा चमच्यावरून ओतून पाहा. ज्वारीचे मोड मात्र वापरू नका. त्यांच्या कोवळ्या कोंबांतील द्रव्यापासून विषारी सायनाइड तयार होते. खाण्यासाठी अशी पेज केल्यास तिला शेवटी पुन्हा उकळी द्यावी.

सर्वच मुलांना हा उपाय लागू पडत नाही. भूक असलेल्या, अन्य आजार नसलेल्या मुलाची काळजी गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात घेता येते. मात्र भूकच मेली असेल, अंगावर सूज किंवा ताप असेल, तर त्याला रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रातच न्यावे लागते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने पेशींत शिरतात आणि हृदयाचे कार्य बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपाशी कैदी मुक्त झाले, तेव्हा पोटभर जेवणानंतर त्यांतले काही दगावले होते. म्हणून केंद्रात आरंभी 100 मिलिलिटरला 75 उष्मांक देणारे दूध दर दोन-तीन तासांनी मोजून पाजतात. लोहाची औषधेही सुरुवातीला देत नाहीत, कारण मोकळे लोह जंतूंना पोसते. भूक परतली की 100 उष्मांकांचे दूध सुरू होते.

अंगणवाडीत दिवसाचा एकच प्रहर जातो. उरलेले घास घरी भरवायचे असतात. आईवडील शेतावर गेले की ते काम बहुधा थोरल्या भावंडांकडे, म्हणजे तुमच्याच वयाच्या मुलामुलींकडे येते. त्यांनी हात धुऊन, तेलाचा चमचा न विसरता, दर दोन-तीन तासांनी वाटी पुढे केली आणि गाव सोडताना मुलाचे कार्ड बरोबर नेऊन नव्या ठिकाणच्या सेविकेला दाखवले, तर पट्टीवरचा घेर वाढू लागण्यास मोठी मदत होईल.