आखूड काडतूस गप्प बसतं

लोणी काळभोरच्या त्या लेथच्या दुकानात मी दुसऱ्यांदा गेलो तो एका माणसाच्या हातांसाठी.

पहिल्यांदा गेलो ते २०२४च्या ऑक्टोबरात, मेव्हण्याच्या पंपाचा बुश करून घ्यायला. विधानसभेची आचारसंहिता लागली होती आणि बंदुकीचे परवाने असलेल्यांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होत होती. दुकानात बसलो असताना चाळिशीतला एक ऊस बागायतदार आला. त्यानं खिशातून स्टीलची डबी काढून उघडली. आत .३२ बोरच्या रिव्हॉल्व्हरची सहा काडतुसं होती. पाच सारखी, सहाव्याची शिशाची गोळी पितळी पुंगळीतून किंचित पुढं आलेली.

"काका, चकरी अडकत होती ह्याच्यामुळं. ठाण्यात द्यायच्या आधी जरा ठोकून बसवून द्या की."

लेथवाल्या काकांनी हातातला व्हर्निअर बाकावर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. शाळेत गुरुजींसमोर उभं राहावं तसे. "ठोकायचं नाही. मी हात लावणार नाही. तूही घरी पक्कड लावू नको. जमा करताना सांग, हे एक खराब आहे, वेगळं ठेवा. आणि ज्याच्याकडनं घेतलं त्या परवानावाल्या दुकानदाराला कळव."

"एवढंसं तर आहे, काका."

"एवढंसंच असतं."

तो गेला. माझा बुश झाला, पैसे दिले, पण ते पाठीमागं बांधलेले हात डोक्यातून जाईनात. महिनाभरानं, मतदान उरकल्यावर, पुन्हा गेलो.

लोणीत उतरलं की आधी पेट्रोलचा वास येतो. तेल कंपन्यांचे डेपो इथं आहेत, मुंबईहून निघालेली पाइपलाइन इथं येते, आणि सोलापूर रस्त्याच्या कडेला टँकरची रांग लागलेली असते. दुकानाच्या आत मात्र कूलंटचा आणि ताज्या कापलेल्या पितळेचा वास. हा पितळेचा वास बोटांना लागला की साबणानंही लवकर जात नाही.

काकांची नोकरीची वर्षं खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत गेली, तपासणीच्या खात्यात. १८६९ची ही फॅक्टरी. आज ती म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. नागरी परवान्यावरची .३२ची काडतुसंही तिथं होतात. आपल्याकडं ९ मिलिमीटर, .४५ असे बोर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, त्यामुळं परवानावाल्यांच्या कपाटात रिव्हॉल्व्हर असतं ते बहुतेक हेच .३२. काकांचा रोजचा क्रम असा: पहाटेची दौंडकडून येणारी गाडी, पुण्यात बदलून लोकल, खडकी. काडेपेटी दारातच काढून ठेवायची. मग दिवसभर गेज. या नोकरीबद्दल ते एवढंच बोलले. एका आकड्याबद्दल मात्र खूप बोलले.

"एक दोनशे ऐंशी," ते म्हणाले. म्हणजे १ इंच २८० थाऊ, १.२८० इंच, मिलिमीटरमध्ये ३२.५१. या काडतुसाची, बुडापासून गोळीच्या टोकापर्यंतची, जास्तीत जास्त लांबी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पुण्याच्या वर्कशॉपांत अजूनही हा शब्द चालतो.

मला दाखवायला म्हणून त्यांनी लेथवर पितळेचा भरीव दांडा बांधला. नुसता आकार, आत काही नाही. फेसिंग केलं, व्यास उतरवला, टोक गोल केलं, बर काढली. हे सगळं दहा मिनिटांत. मग पोलादी पट्ट्यांमध्ये बरोबर १.२८०ची फट ठेवून आदल्या दिवशीच केलेला एक गेज पुढं ठेवला. तुकडा फटीतून अलगद गेला. पाच थाऊ लांब ठेवलेला दुसरा तुकडा तोंडाशीच अडला. पाच थाऊ म्हणजे साधारण एका कागदाची जाडी.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस चकरीच्या घरात, मागच्या काठावर टेकून बसतं. पुढं त्याला अडवणारं काही नसतं. लांबी वाढली की गोळीचं नाक चकरीच्या पुढच्या तोंडातून बाहेर डोकावतं, नळीच्या मागच्या कडेला घासतं आणि चकरी फिरत नाही. बागायतदाराचं झालं होतं ते हेच. पुंगळीचं तोंड गोळीवर आत मुडपलेलं असतं, त्याला क्रिंप म्हणतात. ही पकड सैल असेल तर शेजारच्या घरातली गोळी सुटताना बसणारा धक्का उरलेल्या गोळ्यांना पुंगळीतून थोडं थोडं ओढत राहतो. .३२चा धक्का सौम्य, त्यानं सहसा असं होत नाही. "म्हणून तर म्हटलं, पकडच गेलेली असणार. पकड गेलेली गोळी ठोकली की ती कुठवर आत जाईल, कोण सांगणार?"

आणि इथं काकांचा आवाज बदलला. "लांब झालेलं काडतूस ओरडून सांगतं, चकरी अडवून. आखूड झालेलं गप्प बसतं."

गोळी आत सरकली की चकरी छान फिरते, घोडा पडतो, सगळं सुरळीत वाटतं. पण पुंगळीतली रिकामी जागा कमी झालेली असते. हे काडतूस १८९६च्या सुमाराचं, काळ्या दारूच्या काळात बेतलेलं. आजची बिनधुराची दारू त्यात थोडीशीच असते, बाकी पोकळी. ती पोकळी दाब आवरते. ती घटली की दाब चढतो, आणि ही दारू अशी की दाब चढला की ती आणखी वेगानं जळते, मग दाब आणखी चढतो. पुंगळी मुळातच लहान, म्हणून थोडीशी खोलीही मोठा फरक पाडते. जुन्या, झिजलेल्या हत्यारात चकरी फुटू शकते, आणि ती धरणाऱ्याच्या हातातच असते.

मी बाहेरच्या टँकरांकडं पाहिलं. टाकी कधी काठोकाठ भरत नाहीत. उन्हानं पेट्रोल फुगतं, म्हणून वर जागा सोडतात आणि डिपची काठी टाकून ती मोजतात. काका म्हणाले, "ती जागा सगळ्यांना दिसते. काडतुसातली दिसत नाही, म्हणून लांबी मोजायची."

मग त्यांनी माझ्या डोक्यातला आकडाच हलवला. २५ मीटरच्या सेंटरफायर पिस्तुलाच्या स्पर्धेत याच .३२चं सपाट तोंडाचं काडतूस वापरतात. त्यात गोळी पुंगळीच्या काठाबरोबर आत बसलेली, सबंध लांबी पुंगळीएवढीच, साधारण २३.४ मिलिमीटर. ते सुरक्षित असतं, कारण त्याची दारूच त्या पोकळीच्या हिशोबानं ठरवलेली असते. म्हणजे एक दोनशे ऐंशी ही नुसती वरची हद्द. खालची हद्द गोळी आणि दारू पाहून ठरते.

अमेरिकेत कायद्याची मुभा असल्यानं हौशी नेमबाज घरी काडतुसं भरतात. तिथलेही जाणते लोक लांबी दर थोड्या नगांनंतर मोजतात. किंचित लांब निघालं तर गोळी बसवायच्या डायचा स्क्रू केसभर खाली घेऊन पुन्हा दाबतात. आखूड निघालं तर गोळी ओढण्याच्या खास साधनानं ती बाहेर काढतात आणि नग पहिल्यापासून करतात. अंदाजानं थोडं बाहेर ओढून वापरत नाहीत, कारण एकदा उकललेली क्रिंप पुन्हा तशी धरत नाही. आपल्याकडं हा प्रश्न घरी येऊच नये अशी कायद्याची योजना आहे: १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा सात वर्षं झाली आहे. मला हा कायदा त्या दुकानात बसून पटला. ज्या कामात चूक कळायची एकच संधी असते, ते काम गेज, साक्षीदार आणि नोंदवही असलेल्या जागीच व्हावं.

"तो घरी गेल्यावर ठोकलं असेल का हो त्यानं?" मी विचारलं.

"नाही. दुसऱ्या दिवशी पावती दाखवायला आला होता. पाच नग आणि एक वेगळा, असं लिहून घेतलंय ठाण्यात." हे सांगताना ते पहिल्यांदाच मोकळं हसले.

मग त्यांनी न बोलता तिसरा तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "तपासा." मी गेजमध्ये घातला. अलगद गेला. बरोबर आहे, म्हटलं.

"व्हर्निअर लावा."

एक दोनशे चाळीस. चाळीस थाऊ आखूड, म्हणजे एक मिलिमीटर. डोळ्याला पहिल्या तुकड्यासारखाच.

काकांनी तो परत घेतला, ऐरणीवर ठेवला आणि हातोडीचे दोन घाव घालून चपटा केला, पुन्हा कुणाच्या हाती चांगला म्हणून लागू नये असा. भंगाराच्या डब्यात टाकला. "हा गेज फक्त लांब पकडतो," ते म्हणाले. "आखूड पकडायला दुसरा लागतो." आणि त्यांनी दुसऱ्या गेजसाठी पोलादी पट्टी शिकंज्यात आवळली.