वेळासची कासवे आणि कुंपण

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत. उरलीसुरली कोल्ह्या-कुत्र्यांच्या वाट्याला जात. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन येथे संरक्षणाचे काम सुरू केले. पुढे वन विभागही त्यात आला.

काम उजाडण्यापूर्वी सुरू होते. गावातलाच कासवमित्र किनारा धुंडाळतो तो मादीच्या मागासाठी. वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा पाण्यातून वर येतात आणि परत पाण्याकडे वळतात. मधे कुठेतरी वाळू विस्कटलेली असते. तिथे काठी अलगद खुपसून पाहतात. वाळू पोकळ लागली की पुढचे काम हातानेच. घरटे सुमारे दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर. त्यात शंभराच्या आसपास, कधी त्याहून बरीच जास्त, अंडी असतात. ती घातल्यापासून काही तासांतच हलवावी लागतात. नंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडे उलटले तर दगावतो. म्हणून हात घाईचा हवा, पण धसमुसळा नको.

भरतीरेषेच्या वर जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत तसाच, तेवढाच खड्डा करून अंडी पुरतात आणि तारीख व संख्या लिहिलेली पाटी लावतात. जागेची निवड हा खरा कौशल्याचा भाग. वाळू उष्ण असेल तर पिल्लांत माद्या अधिक निपजतात, थंड असेल तर नर.

साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात. त्याआधी घरट्यावर टोपली पालथी घालून ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. पिल्ले थेट पाण्यात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात आणि समुद्रापर्यंतचे अंतर त्यांना स्वतः चालू देतात. हे पाहायला येणाऱ्यांसाठी कासव महोत्सव भरतो. पिल्ले महोत्सवाचे वेळापत्रक पाळत नाहीत, त्यामुळे काही पाहुणे रिकाम्या टोपल्या पाहून परततात. तरी त्यांच्या राहण्या-जेवणाचे पैसे गावातल्या घरांत जातात, आणि राखण टिकण्यामागे हे मोठे कारण आहे.

कुंपणाची मर्यादाही उघड आहे. महाडच्या औद्योगिक पट्ट्याजवळून येणारी सावित्री वेळासच्या उत्तरेला बाणकोटपाशी समुद्राला मिळते. नदीतून वाहून येणारे सांडपाणी आणि प्लास्टिक एकट्या वेळासला रोखता येणार नाही. ते काम नदीकाठच्या वरच्या गावांनी आणि कारखान्यांनीच करायला हवे.