चौकोनी तेजोवलयाचा मठाधिपती

रंगलेल्या भिंती : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण रॅव्हेनाच्या मोझेइकपाशी होतो. सोन्याचा वर्ख घातलेले काचेचे तुकडे, राजदरबाराचा पैसा, त्या तोलामोलाचे कारागीर. आज खर्चाचं मान एकदम खाली उतरतं. इटलीच्या दक्षिणेला कंपानिया प्रांतात कापुआ शहराजवळ तिफाता नावाचा डोंगर आहे. त्याच्या पश्चिम उतारावर सांतांजेलो इन फॉर्मिस हे छोटं गाव वसलेलं आहे. तिथलं चर्च बाहेरून साधंच दिसतं. पुढे पाच कमानींची पडवी, बाजूला घंटाघर, एवढंच. आत मात्र अकराव्या शतकातल्या चित्रांनी भिंती भरल्या आहेत. काही चित्रं पार पुसली गेली, काहींचे चेहरेच उरले. तरीही त्या काळातली इतकी सलग चित्रमालिका दक्षिण इटलीत दुसरीकडे सापडणं कठीण.

ही जागा चर्चच्याही आधीपासून देवाचीच. रोमन काळात इथे डायना या शिकारीच्या देवीचं मोठं ठाणं होतं. पुढे लोम्बार्ड लोक आले. त्यांचा जीव देवदूत मायकेलवर, त्यामुळे डोंगर मायकेलच्या नावे झाला. जागा तीच ठेवून देव बदलण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही. चर्चचे खांबही जुन्या रोमन इमारतींतून आणलेले आहेत.

१०७२ मध्ये कापुआचा नॉर्मन सत्ताधीश रिचर्ड याने ही जागा मोंते कासिनोच्या मठाला दिली. तिथला मठाधिपती देसिदेरियुस स्वतः लोम्बार्ड राजघराण्यातला होता. पैसा, ओळखी आणि हौस या तिन्हींची त्याच्याकडे रेलचेल होती. अमाल्फीच्या चर्चला कॉन्स्टँटिनोपलहून आणलेली पितळी-काशाची दारं त्याने पाहिली आणि आपल्या मठासाठी तशीच दारं मागवली. असा हा माणूस. आपल्या या गावच्या चर्चमागेही तोच होता.

चर्चच्या टोकाला वेदीमागे जो अर्धगोल कोनाडा आहे, तिथे वर सिंहासनावर ख्रिस्त बसलेला आहे आणि त्याच्याभोवती चार शुभवर्तमानकारांची चार चिन्हं आहेत. खालच्या रांगेत तीन मुख्य देवदूत उभे आहेत, मायकेल मधोमध. या रांगेच्या एका टोकाला मोंते कासिनोच्या मठाचा संस्थापक संत बेनेडिक्ट, तर दुसऱ्या टोकाला देसिदेरियुस. त्याच्या हातात याच चर्चची छोटी प्रतिकृती आहे, कारण देणगीदाराला चित्रात असंच दाखवत. त्याच्या डोक्यामागचं तेजोवलय मात्र बाकीच्यांसारखं गोल नाही, चौकोनी आहे.

हा चौकोन चित्रकाराची चूक किंवा लहर नाही. गोल वलय स्वर्गवासी संतांचं. माणूस हयात असताना त्याला मानाने चित्रात घ्यायचं असेल, तर चौकोन. रोममधल्या सांता प्रासेदे चर्चमध्ये नवव्या शतकातला पोप पास्काल पहिला असाच चौकोन घेऊन उभा आहे. याचा अर्थ, आपल्या चर्चमधला हा भाग रंगवला गेला तेव्हा देसिदेरियुस जिवंत होता. तो १०८६ च्या मे महिन्यात पोप म्हणून निवडला गेला आणि व्हिक्टर तिसरा झाला. १०८७ च्या सप्टेंबरात वारला. चित्रात तो पोप म्हणून नाही, मठाधिपती म्हणून उभा आहे. तेव्हा १०७२ ते १०८६ हा अदमास बराचसा पक्का धरता येतो. मध्ययुगातल्या गावच्या चर्चबाबत इतकी नेमकी तारीख हाती लागणं म्हणजे चैनच. बहुतेक ठिकाणी 'बारावं शतक असावं' यावर समाधान मानावं लागतं.

चित्रकार कोण, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मात्र मठाचा इतिहासकार लिओ याने एक मोलाची नोंद केली आहे. देसिदेरियुसने मोंते कासिनोच्या नव्या चर्चसाठी कॉन्स्टँटिनोपलहून मोझेइक आणि फरशीकामाचे कारागीर बोलावले. लॅटिन देशांत ही कला पाचशे वर्षांहून जास्त काळ विसरली गेली होती, असं लिओचं म्हणणं. म्हणून मठातल्या पुष्कळ मुलांना या कामात तयार करून घेतलं गेलं. पाचशे वर्षांचा आकडा फुगवलेला आहे, हे सरळ आहे. मधल्या काळातही इटलीत भिंती रंगत होत्या. पण शिकवणीची गोष्ट खरी असावी, आणि तिचा पुरावा आपल्या या गावच्या भिंतींवर आहे. ख्रिस्ताची मांडणी, वस्त्रांच्या चुण्या, देवदूतांचा दरबारी पोशाख बायझंटाइन. चित्रांसोबतचा मजकूर लॅटिन. आणि चेहरे? मोठाले डोळे, जाड काळ्या रेषा, गालांवर लाल गोल ठिपके. कॉन्स्टँटिनोपलच्या उस्तादाने गालावर असा ठिपका ठेवला नसता. हे शिष्यांचं काम आहे.

कलेचे इतिहासकार या चर्चकडे वळतात ते बहुतेक वेळा मोंते कासिनोच्या शोधात. १०७१ मध्ये पोपच्या हस्ते मोठ्या थाटात अर्पण झालेलं तिथलं ते चर्च आज नाही. १३४९ च्या भूकंपाने ते पाडलं, पुढच्या शतकांनी त्यावर नवं बांधलं आणि १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तेही जमीनदोस्त केलं. बॉम्बफेकीची मागणी चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या सेनापतीकडून आली होती, कारण मठाच्या डोंगरावर चढाई करण्याची पाळी त्याच्या सैनिकांची होती. कासिनोच्या युद्धस्मशानभूमीत भारतीय जवानांच्याही नोंदी आहेत. त्याआधी ऑक्टोबर १९४३ मध्ये व्होल्तुर्नो नदीवरची लढाई कापुआच्या परिसरातूनच गेली होती. त्यातून हे गावातलं चर्च वाचलं. मूळ मठ गेला आणि पन्नासेक किलोमीटरवरची ही शाखा उरली. त्यामुळे 'मोंते कासिनो कसं दिसत असेल' याचा अंदाज घ्यायला विद्वान इथे येतात.

त्यात गैर काही नाही, पण इथल्या चित्रांवर थोडा अन्याय होतो. मधल्या दालनाच्या भिंतींवर ख्रिस्ताचं चरित्र रांगेने मांडलेलं आहे. शोमरोनी बाईचा प्रसंग पाहा. विहिरीच्या एका बाजूला येशू बसलाय, दुसऱ्या बाजूला ती उभी. यहुदी माणूस शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागतो, हा त्या कथेतला धक्का. पाणवठ्यावरचा भेद म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. चित्रकाराने विहीर बरोबर दोघांच्या मध्ये ठेवली आहे आणि मागे फारसं काही काढलेलं नाही. निळ्या-हिरव्या पट्ट्यांवर दोन माणसं आणि एक विहीर, बस्स. नजर हात आणि डोळ्यांकडेच जाते. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही खालून उभ्याने कथा कळावी, अशी ही मांडणी आहे. ती कुणाचीही नक्कल असो, मला ती उच्च प्रतीची वाटते.

आता तंत्राबद्दल, कारण गेल्या वेळी काही वाचकांनी विचारलं होतं की फ्रेस्को आणि अजिंठ्याची चित्रं एकच का. नाही. फ्रेस्कोत विरवलेला चुना आणि वाळूचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्या पापुद्र्यात अडकून बसतात. सरस लागत नाही. मात्र चुन्याला सोसतील असेच रंग चालतात : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, कोळशाचा काळा, खुद्द चुन्याचा पांढरा. अझुराइटचा निळा ओल्या चुन्यात बिघडतो म्हणून तो भिंत सुकल्यावर सरसात किंवा अंड्यात कालवून लावत. इटलीतल्या जुन्या भिंतींवर निळा आधी झडलेला दिसतो तो यामुळे. अकराव्या शतकातले कारागीर परांचीच्या एका मजल्याएवढा लांब पट्टा एकदम गिलावत. तो रंगवून होईपर्यंत अर्धा सुकलेला असे, मग उरलेलं काम चुन्याच्या पाण्यात रंग कालवून पुरं करत. एका दिवसात रंगवून होईल एवढाच तुकडा गिलावायची पद्धत नंतर रूढ झाली.

अजिंठ्यात माती, भुसा वगैरेंचा लेप, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंक-सरसातले रंग. हा फरक पुस्तकी नाही. १९२० ते २२ दरम्यान निजाम सरकारने अजिंठ्याच्या जतनासाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोघा इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले, हे मोठंच काम झालं. पण चित्रांवर लाखेचं व्हार्निशही चढवलं. ते काळाबरोबर पिवळं-काळं पडलं आणि पुरातत्त्व खात्याला पुढे कित्येक वर्षं ते काढत बसावं लागलं.

चर्चमधून निघताना पश्चिमेची भिंत समोर येते, म्हणजे प्रवेशद्वाराची आतली बाजू. तिच्यावर अंतिम न्यायनिवाडा आहे. वर तुताऱ्या फुंकणारे देवदूत, मध्ये न्यायाधीश ख्रिस्त, पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला वाचलेले, उजव्या हाताला बुडालेले. प्रार्थना आटोपून घरी निघालेल्याने हे बघूनच बाहेर पडावं, असा हिशेब. इटलीत पुढे ही जागा या विषयासाठी ठरूनच गेली.

वाद आहे तो बाहेरच्या पडवीतल्या चित्रांचा. दारावरचा मायकेल आणि त्याच्या वरची देवदूतांनी धरलेली मरिया यांचा हात आतल्या चित्रांपेक्षा वेगळा आहे. जास्त सफाईदार, ग्रीक वळणाचा. काहींच्या मते तो देसिदेरियुसच्याच काळातल्या ग्रीक उस्तादाचा, तर काही ही चित्रं शंभरेक वर्षं पुढे, बाराव्या शतकाच्या अखेरीला ढकलतात. मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतो.

(पुढच्या आठवड्यात : असिसी, आणि भिंतीत शिरलेली खोली)